तुळशीपुढे ठेवलेले बियाणे

कळंबकडच्या काळ्या रानात आमची थोडी जमीन होती. मी पाठशाळेत शिकलेला, पूजाअर्चेत रमलेला. पेरणीची तिफण कधी हाती धरली नाही. जमीन एक वाटेकरी करी. तो बौद्ध घरातला, वयाने माझ्याहून लहान, पण मातीचे ज्ञान त्याला माझ्याहून पुष्कळ अधिक. बांधापलीकडे एका बाईचे रान होते. तिचे यजमान सोलापूरला गिरणीत होते. दुष्काळाला कंटाळून त्यांनी निरोप धाडला होता की बैल विकून तूही इकडे ये. तिने एका हंगामाची मुदत मागून घेतली होती. त्या वर्षी ज्वारीच्या जागी हरभरा घेऊन ती रान राखू पाहत होती.

त्याच सुमारास गावच्या सोसायटीत जिवाणू खताचे पुडे आले. आत काळी भुकटी. गार गूळपाण्यात ती कालवून बियाण्याला चोळायची, बियाणे सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे, असे कृषी सहायकांनी पारावर समजावले होते. मीही ते ऐकले होते.

सोमवारी सकाळी बाई बियाणे चोळून, टोपली घेऊनच दिवस विचारायला आली. मी पंचांग पाहिले. चतुर्थी, म्हणजे रिक्ता तिथी. दुसरा दिवस मंगळवार, तोही वर्ज्य. मी बुधवार सांगितला.

ती घुटमळली. "पन काका, आजच पेरा म्हनले हुते सायेब."

"बाई, बीज भूमीत एकदाच जाते. दोन दिवसांनी काय बिघडणार? टोपली तुळशीपुढे ठेवा."

तिने ती आमच्याच अंगणात ठेवली. मी टोपलीवर हळदकुंकू वाहिले. दोन दिवस उन्हाने ती चांगली तापली. मला त्यात पावित्र्यच दिसले.

वाटेकऱ्याने आमचे रान सोमवारीच पेरून टाकले होते. मी नापसंती दाखवली, तेव्हा तो हसला. "काका, तुमचा मुहूर्त तुमच्यापाशी. भुकटीतल्या जिवाला कुठं पंचांग वाचता येतंय?"

महिनाभराने आमचा हरभरा गर्द हिरवा दिसू लागला आणि बांधापलीकडचा पिवळट. मध्ये मध्ये मर लागून झाडे माना टाकीत होती. दोन दिवसांत ओल हटली असेल, असे म्हणून मी काही काळ स्वतःचे समाधान करून घेतले.

एके दिवशी वाटेकऱ्याने दोन्हीकडचे एकेक झाड मातीसकट खणून बादलीत धुतले. आमच्या झाडाच्या मुळांवर बारीक गाठी होत्या; नखाने फोडताच आतून गुलाबी निघाल्या. बाईच्या झाडाचे मूळ जवळजवळ रिकामे होते. रान बघायला आलेल्या सहायकांनी कारण सांगितले. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला पुरवतात; असे पोसलेले झाड रोगालाही सहसा लवकर बळी पडत नाही. कडक उन्हात मात्र हे जिवाणू मरतात. नित्य संध्येत मी अदृश्याचीच उपासना करीत आलो होतो. या अदृश्यावर मात्र माझा विश्वास बसला नव्हता.

बांधावर आलेल्या बाईने ते मूळ हातात घेऊन उलटसुलट पाहिले. मग म्हणाली, "तुमच्या रानाला मुहूर्त लागला न्हाय काका. माझ्याच रानाला लागला व्हय?"



सुगीला तिचे यजमान आले. हरभऱ्याची एवढीशी रास पाहून म्हणाले, "झालं समाधान? आता बैल काढ बाजाराला." मी तिच्या ओसरीवर गेलो आणि दोन्ही मुळांची हकीकत सांगितली. दोष रानाचा नाही, हिचाही नाही; माझ्या सांगण्याचा आहे, असे स्पष्ट म्हटले. असे बोलण्याची मला सवय नव्हती.  ते गृहस्थ बायकोला म्हणाले, "लई झालं तर अजून एक साल. काकांच्या शब्दावर न्हाय, तुझ्या."

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. हातात पुडा होता, वरचा दोराही सोडलेला नव्हता.

"आधी दिवस सांगा," ती म्हणाली. "मगच फोडीन."

मी दिवस सांगितला. त्या पहाटे तिने गूळपाणी केले, बियाणे कडुलिंबाच्या सावलीत सुकवले आणि दुपारच्या आत पेरून घेतले. हळदकुंकू वाहायला मी बांधावर गेलो होतो. ते तिफणीला वाहिले.