गाडीबरोबर आलेले आजोबा

"शांत आहे बिचारी. बाबांचा तिला त्रास वाटणार नाही."

हे माझ्याबद्दल चाललं होतं, आणि त्या वेळी मी ओल्या खडीवर पाठ टेकून एका गाडीखाली पडले होते. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. जुनी गाडी घेण्याआधी तिच्या पोटाला स्क्रूड्रायव्हर टोचून बघावा, आत गेला तर पळून जावं, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. माझा दोन ठिकाणी आत गेला होता. बाजूला एक जोडी गमबूट दिसत होते. गमबुटांत गाडीवाल्या आजोबांची मुलगी होती आणि ती फोनवर आपल्या भावाशी बोलत होती.

अशा वेळी खोकावं, एवढी रीत मला माहीत आहे. मी टॉर्च बंद केला.

"नाही रे, घेईल ती. आणि रविवारचे बाबा घराबाहेर राहतील. मला निदान एक दिवस शांतपणे झोपता येईल."

आयर्लंडमधल्या ॲथलोन गावाबाहेर, जळणासाठी पीटची माती कापतात त्या दलदलीच्या बाजूला, एका शेडमध्ये ती गाडी चार वर्षं उभी होती. वय पस्तीस. लांबलचक, चौकोनी, मूळचा रंग बहुतेक मरून. मागे डिकीत उलट्या तोंडाची एक छोटी सीट, म्हणजे पोरांना तिथे बसवलं की ती मागच्या गाडीला जीभ काढून दाखवणार. खिडक्यांच्या रबरात हिरवंगार शेवाळ उगवलं होतं. जाहिरातीतल्या फोटोत बॉनेटवर कोंबडी बसलेली होती आणि ती हाकलून पुन्हा फोटो काढावा असं कुणाला वाटलं नव्हतं. मला ती माणसं तिथेच आवडली.

आमच्या ऑफिसातल्या सगळ्या मराठी मुलांकडे राखाडी ऑटोमॅटिक गाड्या आहेत. "मी काय म्हणतो" अशी सुरुवात करून त्यांनी मला सहा महिने राखाडी ऑटोमॅटिक गाड्यांच्या लिंक पाठवल्या होत्या. मी प्रत्येक लिंकला अंगठा दाखवला आणि ही गाडी घेतली.

व्यवहाराच्या वेळी आजोबांनी एकच प्रश्न विचारला. "चालवता येते?"

माझ्याकडे पुण्याचं लायसन होतं. आमच्या क्लासच्या गाडीत सरांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होता. एकवीस दिवस मी स्टिअरिंग फिरवलं आणि बाकी सगळं सरांनी केलं, एका हाताने फोनवर बोलत. परीक्षेत मी आठचा आकडा काढला, म्हणजे सरांनीच काढला. आपल्याला गाडी चालवता येत नाही हे मला आयर्लंडमध्ये येऊन, पहिल्याच धड्याला कळलं. इथे मी शिकाऊ. गाडीला पुढे-मागे एल लावायचा आणि शेजारी पक्क्या लायसनचा माणूस बसवायचा, असा नियम आहे.

"थोडी थोडी," मी म्हटलं.

"मग मी बसतो शेजारी," आजोबा म्हणाले. त्यांची मुलगी तेव्हा खिडकीबाहेर बघत होती, फार निरागसपणे.

मी एकटी विमा कंपनीला धोकादायक वाटत होते. साठ वर्षांत एकही अपघात न केलेल्या माणसाचं नाव सोबत घातल्यावर कंपनी जरा निवळली. माझ्या भाड्याच्या घरापुढे जागा नव्हती, म्हणून गाडी राहिली त्यांच्याच शेडमध्ये. म्हणजे गाडी विकून आजोबांच्या आयुष्यात फरक एवढाच पडला, की दर रविवारी सायकल मारत एक मुलगी येऊन गाडीचं काम करायला लागली. किल्ली मात्र माझ्याकडे असायची.

माझी रूममेट नागपूरची. तिला काहीही सांगितलं की त्याचा सारांश हातात येतो. "काऊन गं," ती म्हणाली, "तू गाडी घेतली का म्हातारा दत्तक घेतला?"

आजोबा चर्चहून येत, टाय न काढता त्यावरच निळा डगला चढवत आणि कामाला लागत. त्यांना काय हाक मारायची हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. इथे सगळेच सगळ्यांना नावाने हाक मारतात. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारताना माझी जीभ टाळूला चिकटते. मग मी त्यांना कशानेच हाक मारायची नाही. काही हवं असेल तर त्यांच्या नजरेसमोर जाऊन उभी राहायची. पुष्कळदा त्यांना मी तिथे आहे हे कळायचंच नाही. मला वाटायचं, कामात गुंग आहेत.

पहिलं काम दाराखालच्या पत्र्याचं. त्यांनी पान्याने तो ठोकत नेला. टण, टण, टण, भद. पुन्हा भद. मी खरवडायला घेतलं तर रंगाखालून लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली, लांबीखालून जाळी आणि जाळीखालून चुरगळलेला वर्तमानपत्राचा बोळा. त्यावर वीसेक वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी गुरांच्या बाजाराचे भाव होते.

"हे कुणी भरलं?" मी विचारलं.

आजोबांनी बोळा हातात घेऊन चाचपला. "तात्पुरतं होतं ते."

शेजारचा ट्रॅक्टरवाला येऊन नवा पत्रा वेल्ड करून गेला. बाकीचं आम्ही केलं. म्हणजे आधी ते करायचे आणि मी बघायची, मग मी करायची आणि ते ऐकायचे. पाना कसा वाजतो यावरून नट किती आवळला ते त्यांना कळायचं. ब्रेकचे लायनर, छताचं लोंबणारं कापड, मागच्या डाव्या दाराचं काच खाली करायचं हँडल. सीटखाली रंगीत खडू निघाले, एक बुटाची लेस आणि टिश्यूत गुंडाळलेला एक दुधाचा दात. दाताचा फोटो मुलीने भावंडांच्या ग्रुपवर टाकला. त्यावर चार चाळिशीतली माणसं दोन दिवस भांडली. प्रत्येकाला तो आपलाच दात वाटत होता आणि उशीखालचा दात नेऊन पैसे ठेवणाऱ्या परीने आपल्या दाताचे पैसे दिले नाहीत असंही वाटत होतं.

मला ते रविवार आवडायला लागले होते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आजोबा अंगावर येत नसत. तुमच्याकडे जेवता काय, लग्न कधी, असलं काही नाही. "ते बारा नंबरचं दे," एवढंच. मी द्यायची. त्यांच्या मुलीने खिडकीतून चहा आत सरकवला की दोघं डिकीतल्या उलट्या सीटवर बसून पावसाकडे बघत प्यायचो.

आणि त्यांचे हात. बॉनेटखाली जिथे माझी बोटं पोहोचतही नव्हती तिथे ते आकाशाकडे बघत बोल्ट लावायचे. एकदा तर डोळे मिटून. मी थक्क. रूममेटला सांगितलं, याला म्हणतात कारागीर.

मग हेडलाइटचा बल्ब आणला. मी खोका त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, लांब धरला, जवळ धरला आणि मला परत दिला.

"तू वाच. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

ते आयरिश, मी कोथरूडची. मी वाचून दाखवलं आणि जरा फुशारलेही. एवढं स्वच्छ सांगितल्यावरही मला कळलं नाही.

गाडी सरकारी तपासणीत दुसऱ्या खेपेला पास झाली आणि आम्ही रस्त्यावर आलो. मी ड्रायव्हरच्या दाराशी गेले, तर आजोबा आधीच तिथे. हात पुढे.

"पुलापर्यंत मी नेतो. चार वर्षं बसून सुस्त झालीये, तिला जरा जाग आणली पाहिजे."

मी किल्ली दिली. पुलावर पोहोचल्यावर ते म्हणाले, चढापर्यंत. चढावर म्हणाले, इथे थांबणं बरं नाही. चार रविवार झाले, पुढच्या महिन्यात माझी ड्रायव्हिंगची परीक्षा, आणि मी माझ्याच गाडीत शेजारच्या सीटवर, पुण्यातल्यापेक्षाही कमी काम करत. तिथे निदान स्टिअरिंग तरी हातात होतं. आजोबा रस्त्याच्या मधोमध जायचे, वळताना इंडिकेटर द्यायचे नाहीत, आणि मागची माणसं एलची पाटी बघून समजुतीने दूर राहायची.

पण चालवायचे सुंदर. कुठे खड्डा, कुठे चढ, कुठे शाळेपाशी वेग कमी करायचा, सगळं पाठ. पाठ हाच शब्द बरोबर आहे. पाचव्या रविवारी रस्त्याचं काम निघालं होतं आणि तिथे एक तात्पुरता सिग्नल लावला होता. लाल. आजोबांच्या पाठांतरात तिथे सिग्नल नव्हता. आम्ही तसेच आत शिरलो. समोरून एक सायकलवाला येत होता, डोळ्यांत खुपेल असं पिवळं जाकीट घातलेला. मी ओरडायला हवं होतं. माझ्या तोंडून "अं" असा एक आवाज निघाला. सायकलवाला स्वतःच गवतात उतरला आणि त्याने आम्हाला उद्देशून जे म्हटलं त्याला माझ्या शाळेतल्या इंग्रजीचा उपयोग नव्हता.

"काय म्हणतोय तो?" आजोबांनी विचारलं. आणि मग, जरा वेळाने, "कुठे होता तो?"

बल्बचा खोका, मिटलेले डोळे, मी समोर उभी असूनही न दिसणं. सगळं एकदम कळलं. मुलीला वाटत होतं बाबांनी गाडी कंबर दुखते म्हणून सोडली. तिला हेही माहीत नव्हतं की ते अजून चालवतात; आम्ही निघायचो तेव्हा ती झोपलेली असायची. तिने त्यांना शेजारी बसायला पाठवलं होतं.

घरी येऊन मी रूममेटला सांगितलं.

"मग सांग ना त्यायच्या पोरीला."

"सांगितलं की माझं शेजारी बसणारं माणूस गेलं. तुझ्याकडे पण शिकाऊच लायसन आहे. परीक्षा पण गेली."

"अन् नाही सांगितलं तर?"

"तर सायकलवाला."

ती भाकरी उलटवत राहिली. "आमच्या घरी आजोबांच्या स्कूटरची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली होती," ती म्हणाली. "हरवली म्हणून सांगितलं. सगळ्यायनी मिळून शोधायचं नाटक केलं. दोन वर्षं."

"मग?"

"मग काय. आजोबांनी डुप्लिकेट बनवून आणली."

तरी मला ती युक्ती आवडली, कारण तिच्यात बोलावं लागत नव्हतं. पुढच्या रविवारी मी आजोबा चर्चहून यायच्या आत पोहोचले आणि बॅटरीची एक वायर काढून ठेवली. ते आले, किल्ली फिरवली, काही नाही. मी चेहऱ्यावर चिंता आणली. आजोबांनी बॉनेट उघडलं, आत हात घातला, आणि मोजून पाच सेकंदांत वायर जागेवर बसवली.

"उंदीर," ते म्हणाले. "हल्ली पाने वापरायला शिकलेत."

त्या दिवशी त्यांनी चढापर्यंत नेली आणि मी डोळे ताणून त्यांच्या वतीने रस्ता बघितला. "डावीकडे सायकल," "पुढे सिग्नल, लाल," असं मी पुटपुटत होते आणि ते जणू काही मी हवापाण्याबद्दल बोलतेय असं "हं, हं" करत होते. दोघांचं छान जमलं होतं. मला भीती त्याचीच वाटली. आणखी दोन रविवार असं केलं असतं तर आम्हाला त्याची सवय झाली असती.

त्यानंतरचा रविवार. पाऊस नव्हता, शेडचं दार उघडं होतं. त्यांची मुलगी त्या दिवशी झोपली नव्हती, स्वयंपाकघरात ब्रेड कापत होती, खिडकीतून दिसत होती. आजोबा टाय नीट करत ड्रायव्हरच्या दाराशी आले आणि त्यांनी हात पुढे केला.

मी किल्ली दिली नाही.

"काय झालं?" ते म्हणाले. "पुन्हा उंदीर?"

मी सायकलवरून येताना सगळं वाक्य जुळवलं होतं, इंग्रजीत, दोन पर्यायांसह. आत्ता त्यातलं काही आठवेना. त्यांचा हात तसाच पुढे होता आणि डोळे माझ्या खांद्याच्या जरा डावीकडे बघत होते. मी एक पाऊल डावीकडे सरकले, त्यांच्या नजरेत येण्यासाठी. त्यांचे डोळे हलले नाहीत.

"तुम्हाला दिसत नाही," मी म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा आला. खिडकीतली सुरी थांबली. "मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत आहे. मी आता आत जाऊन तुमच्या मुलीला सांगणार आहे. तुम्ही सांगताय, की मी सांगू?"