ओसरीवरच्या दोघी

खुर्शीदा माझी लेक मैना माझ्यापासून तोडून नेईल, ही काळजी काही केल्या मनातून जात नाही.

खुर्शीदा मूळची नामपूरची. नवरा जमील इथे नाशकात मागावर बसतो, ती घरोघर, आमच्याकडेही, चोळ्या शिवते. चाळिशी आली तरी मूल नाही. पोट पडत गेलं. सासू पांढऱ्या पायाची म्हणायची, शेजारणी बारशाला बोलवेनात. मुंबईच्या बायकांच्या इस्पितळात एक डॉक्टरीणबाई असे गर्भ का गळतात याचा शोध घेतात, हे कानावर आलं तशी ती जमीलला घेऊन गाडीत बसली. गर्भ रुजण्याइतकं गर्भाशयाचं आतलं अस्तर तयार होतं का, हे त्या बाई ते जरासं खरवडून भिंगाखाली बघतात.

"दुखतं का गं?" मी विचारलं होतं.

"दुखतं ना बाई. पण सासूच्या जिभेइतकं नाय!"

तिला मूल झालं नाहीच. तरी इस्पितळाचं बोलावणं आलं की तपासणीला जाते. म्हणते, "माझं नाय तर कुणाचं तरी टिकेल."

ते कुणाचं तरी म्हणजे माझी मैना. दोनदा गर्भ गेला तिचा. मध्यंतरी माहेरी आली आणि या आठवड्यात ओसरीलगतच्या खोलीत बाजूला बसली. याही महिन्यात काही नाही, असं मनाशी म्हणत मी लांबूनच ताट सरकवत होते. खुर्शीदा मात्र खुशाल तिला टेकून बसे, तिचे केस विंचरी. माझ्या सोवळ्याबाहेर त्या दोघी, आत मी एकटी. त्यांचं हसणं ऐकू आलं की माझी पोळी करपायची.

आज दाराआडून ऐकलं.

"ताई, उठा आता. चार दिस झाले, नाटक पुरे."

"तिसरा महिना सरेपर्यंत आईला दिवस गेल्याचं कळायला नको गं. नवस, अंगारे, आणि रडणं! मागच्या वेळी मलाच तिची समजूत घालावी लागली."

"नाय सांगत. पण शुक्रवारी मुंबई गाठायची. दोनदा गेलेलीनं लवकर दाखवायचं, डॉक्टरीण बोलली."

मुलगी माझी आणि गुपित खुर्शीदाकडे! बी.ए. झालेल्या आईपेक्षा चोळ्या शिवणारी जवळची? तिच्या त्या खरवडून घेतलेल्या दुखण्याचासुद्धा मला हेवा वाटला. गर्भ गेल्याचं दुःख तरी त्या दोघींचं सारखं आहे.

सकाळी शेजारच्या वकिलांकडून त्या इस्पितळात टेलिफोन लावणार आहे. मैनेचं नाव घेणार नाही. एवढंच विचारीन, की तपासायला आलेल्या मुलीजवळ दोन बायका बसलेल्या चालतात का. त्यांतली एक रडणार नाही, हेही सांगेन.