मापाचं ब्लाऊज

“मापाचं ब्लाऊज नको. बाई पाठव.”

पनवेलच्या बाजारामागच्या गल्लीत शिवणारी आमची चाची सगळ्यांना हेच ऐकवायची. जुनं ब्लाऊज पुढे केलं की बोटानेच मागे सारायची, गळ्यातली टेप काढायची आणि म्हणायची, “हात वर.” दर वेळी नवं माप. आपल्या बायकांना घाई किती असते, तुम्हाला ठाऊकच आहे. पण चाचीपुढे कुणाची मात्रा चालत नसे.

याला कारण तिची आपा. ही मोठी बहीण कुवेतला नांदायची. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर जुना कुर्ता पाठवायची आणि चाची त्यावरून नवे शिवून द्यायची. तीन वर्षांनी आपा आली ती छातीतली गाठ घेऊनच. फार उशीर झाला होता.

“समोर उभी असती तर टेप लावताना कळलं असतं गं,” चाची म्हणायची. “कुर्ता काय बोलणार?”

तेव्हापासून चाळिशी उलटलेल्या बाईला तिचा कायदा एकच: वर्षातून एकदा छातीचा फोटो, मगच शिलाई. मॅमोग्राफीला ती फोटोच म्हणायची. मला तर तिने कापड परत दिलं होतं. मी भडकले. “चाची, तुम्ही शिंपीण की डॉक्टरीण?”

“दोन्ही. जा.”

तणतणत गेले. वाटाण्याएवढी गाठ निघाली. वेळेत निघाली म्हणून आज हे सांगायला आहे. बरी झाल्यावर तिचा हात धरून रडले, तर म्हणते कशी, “पुरे गं, टेप भिजेल.”

पुढचं सांगायला जड जातं. मागच्या वर्षी रमजानात, हुक लावता लावता ती हसत म्हणाली, “पाळी जाऊन सात वर्षं झाली, आता परत डाग दिसतात. बुढापे में जवानी!”

मीही हसले. मग म्हटलं, “डॉक्टरला दाखवा हं.”

“ईदची शिलाई होऊ दे.”

आणि मी गप्प बसले. का, तर त्या ढिगात भाचीच्या लग्नात घालायचं माझं ब्लाऊज होतं. निघताना वर विचारलं, “शुक्रवारी मिळेल ना?” जळली मेली माझी जीभ! जिने मला कापड परत देऊन डॉक्टरकडे पिटाळलं, तिच्याकडे मी शुक्रवारचा वायदा मागितला.

ब्लाऊज शुक्रवारी मिळालं. चाची डॉक्टरकडे गेली ती ईदनंतर दोन महिन्यांनी. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता, पसरलेला.

“फोटो दरसाल काढला गं,” ती अंथरुणातून म्हणाली. “ती खालची तपासणी तेवढी कधी केली नाही. शरम वाटायची.”

मी तिचे पाय चेपत बसले. दुसरं काय करणार होते?

चाची गेली. परवा नव्या टेलरबाईकडे कापड दिलं आणि सवयीने दोन्ही हात वर करून उभी राहिले. ती बिचारी गोंधळली.

“काकू, हात खाली घ्या. मापाचं ब्लाऊज आणलंय ना? तेवढं पुरे.”

माझे हात काही खाली येईनात.