आत्याचा केर

घरातलं कुणी गावाला निघालं की ते सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत आमची आत्या केर काढायची नाही. आईबाप ऊसतोडीला गेले की मी तिच्याकडेच राहायची. पायाखाली पाचट, कोंबड्यांची पिसं, आणि ही उंबऱ्यात बसून रस्त्याकडे बघत! "असू दे गं. केराबरोबर वाट पुसली जाती," म्हणायची.

हाच नियम तिनं आभाळालाही लावला. टीव्हीवर यान उडताना दिसलं की पहिला प्रश्न, "माणूस हाय का आत?" नसेल तर ती खुशाल कामाला लागायची. असेल तर झालंच! ज्यांची नावंही हिला उच्चारता येत नाहीत अशी परदेशी माणसं वर, आणि तेलगावच्या अलीकडे आमच्या घरात केराचा ढीग. "आता पोचली की ती," मी वैतागून म्हणायची. "वर कुठं पोचायचं असतंय? खाली आले की पोचले."

दिवेलागणीला आम्ही अंगणात बाजेवर पडायचो. कारखान्याचा गोडसर वास यायचा, उसाचे तुरे डोलायचे आणि चांद हळूच वर यायचा. एकदा शेजारचे अण्णा म्हणाले, "कावून पाठवतेत माणसं? तेवढ्या पैशात गावोगाव दवाखाने झाले असते."

"व्हायलाच पायजेत, अण्णा. पण साखरेला काय कमी लागतंय? माझं माणूस गेलं तिच्यापायी. कुणी चहा सोडला का?"

तिचा नवरा तोडीवर असताना उसाच्या ट्रॉलीखाली गेला होता. मग चांदाकडे बघत आत्याच म्हणाली, "जावं वाटतंच की माणसाला. लई देखणं हाय ते."

पुढं मला यानाच्या पॅराशूटचं काम करायची नोकरी लागली, दूर दक्षिणेत. आत्या अडून बसली.

"तू बसणार त्यात?"

"नाही गं. जाणारे वेगळे. आम्ही पाठवणारे."

"म्हंजी तू मुकादम."

मला हसू आलं. तिला आलं नाही. नवरा गेला तेव्हा त्याला तोडीवर पाठवणारा मुकादम तिच्या दारात फिरकलासुद्धा नव्हता. ती उठून उंबऱ्यात जाऊन बसली. मग म्हणाली, "जा. पण ज्याला वर पाठवशील, त्याच्या घरचा उंबरा आधी बघून ये. मंग पाठव."

फोनवर "पोचले" म्हणते न म्हणते तोच पलीकडून झाडूचा आवाज सुरू! "बोल तू, ऐकायले मी."

आत्या गेल्या थंडीत गेली. यंदा बैठकीत कुणीतरी म्हणालं, पॅराशूटच्या आणखी एका चाचणीवर खर्च कशाला? माझ्या डोळ्यांपुढं आत्याचा उंबरा आला. "यात माणूस बसणार आहे," मी म्हणाले, आणि मागे हटले नाही. चाचणी झाली. रिकामं यान हलकेच समुद्रावर उतरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दिवेलागणीच्या आत मी घरी आले. घरभर कचरा साचला होता; चाचणीच्या त्या आठवड्यात मी झाडू हातात घेतलाच नव्हता. यानात कुणीच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आत्या असती तर "येडी का काय!" म्हणाली असती. मी झाडू घेतला आणि रडत रडत सगळं घर झाडून काढलं.