आतोबांचं बॉयलरशास्त्र

माणसाच्या देहाविषयी जे काही जाणण्यासारखं आहे ते सगळं बॉयलरमध्ये दिसतं, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. पन्नास सालानंतरची ती पाचसात वर्षं. पिंपरीच्या माळावर एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि त्यांतल्या एकात आतोबा बॉयलरवर होते. मला त्याच कारखान्यात टाइम ऑफिसात कारकुनी मिळाली आणि मी वळकटी घेऊन चिंचवडला आत्याकडे राहायला आलो. पहिल्या दिवशी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद द्यायचा सोडून त्यांनी माझा दंड चाचपला, मनगट दाबून पाहिलं आणि आत्याला सांगितलं की पाव्हण्याला दोनच भाकरी वाढ, जास्तीच्या फुकट जातील. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मला कडकडून भूक लागली होती. पण आतोबांच्या निदानावर अपील नसे.

स्वतः आतोबा पाच भाकरी खात. अंगानं सडसडीत, पोट पाठीला लागलेलं, पण दंड आणि खांदे असे की सदऱ्याच्या बाह्या उसवलेल्याच असायच्या. आपल्या गावी, निघोज्याच्या तालमीत लहानपणी घुमलेले, आणि पंचेचाळिशी उलटली तरी पहाटे उठून अंगणात जोर-बैठका काढायचे. त्यामागे देवधर्म नव्हता की कुस्तीची हौस उरली नव्हती, शुद्ध शास्त्र होतं. कारखान्याच्या सुट्टीला बॉयलर विझवत नाहीत. निखारे मागे ओढून त्यावर राख पसरतात, हवा कोंडतात, आणि भट्टी तशीच धुमसत ठेवतात. याला ते ‘भट्टी दाबणं’ म्हणत. अशा दाबलेल्या भट्टीलाही थोडा कोळसा लागतोच, आणि जितकी भट्टी मोठी तितका जास्त लागतो. ‘‘भाचेराव, माणूस निजला तरी कोळसा जळतोच,’’ ते मला समजावून सांगत. ‘‘ज्याच्या अंगात मांस जास्त, त्याचा निजून बी जास्त जळतो. तालीम करायची ती ह्याच्यापायी.’’ त्यामुळे सुट्टीच्या दुपारी ते तीन तास घोरत पडले आणि आत्या करवादली, की ते एक डोळा उघडून सांगत, मी कामावर हाय.

एका पावसाळ्यात त्यांना विषमज्वर झाला. महिनाभर अंथरुणावर होते. उठले तेव्हा दंडाचं मांस उतरलं होतं आणि दीड भाकरीवर पोट भरत होतं. आत्या काळजीनं खंगली, आतोबा मात्र खूश. यंत्र लहान झालं, कोळसा कमी झाला, म्हणजे आपलं म्हणणं खरं ठरलं, हे येईल त्या पाहुण्याला ते हात दाखवून पटवून देत होते. पुढं तालमीनं दंड भरले आणि ते पुन्हा पाच भाकरींवर आले.

शास्त्राचा दुसरा अध्याय होता घडणीचा. कारखान्यात दोन भट्ट्या होत्या, आधी बसवलेली थोरली आणि मागून बसवलेली धाकटी. दोन्ही एकाच मापाच्या, एकाच जहाजातून आलेल्या. पण थोरलीला घमेलीच्या घमेली कोळसा लागायचा, आणि धाकटी त्याच्या निम्म्यावर तेवढीच वाफ द्यायची. साहेबानं दोनदा उघडून पाहिली, कारण सापडलं नाही. आतोबांना कारण नकोच होतं. घडतानाच तशी घडली, बास. धाकटीवर त्यांचा फार जीव. पाळी संपताना तिच्या अंगावर दोन थापा मारल्याशिवाय ते घरी येत नसत, असं त्यांचे सोबती सांगत.

या सगळ्याला पुरावा हवा, म्हणून महिन्यातून एकदा आम्ही सगळे एस.टी.नं चाकणला जायचो. तिथल्या कांद्याच्या बाजारात आतोबांचा तालमीतला सोबती मापाडी होता. कांद्याची पोती उतरली की त्याच्या मोठ्या काट्याच्या पारड्यात आम्ही ओळीनं बसायचो. समोर लोखंडी वजनं पडायची आणि मापाडी खड्या आवाजात मण-शेर पुकारायचा. आजूबाजूचे शेतकरी हातातली बिडी विसरून बघत बसत. माझं वजन पुकारलं की हमखास कुणीतरी विचारी, ह्यो कारकून हाय का? आत्या पारड्यात बसायला शेवटपर्यंत लाजली, पण बसली.

आता ताराविषयी सांगायला हवं. तारा आतोबांची एकुलती एक मुलगी, तेव्हा अठरा वर्षांची. अंगानं चांगली भरलेली, गोल चेहऱ्याची, पवना नदीवरून डोईवर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढ चढताना गाणं म्हणायची. कामाला वाघ. घरात ती आली की घर भरल्यासारखं वाटे, आणि हे मी तिच्या अंगाविषयी बोलत नाही. खेडहून तिला बघायला मंडळी आली होती. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि उठताना मुलाची मावशी हसत म्हणाली, मुलगी छान आहे, घरात खाणंपिणं चांगलं दिसतंय. पुढं निरोप आला नाही.

ते वाक्य आतोबांना फार लागलं, कारण तारा ताटात दोनच भाकरी घ्यायची. दिलेला कोळसा आणि निघालेली वाफ यांचा मेळ बसला नाही, तर बॉयलरवाला एकच गोष्ट धरून चालतो, की कुठंतरी चोरी आहे. त्या संध्याकाळी त्यांनी ताराला समोर बसवून सरळ विचारलं, पोरी, तू चोरून खातीस का? तारा म्हणाली, न्हाई आबा. आतोबांनी मान डोलावली, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि ते तिला दिसलं. मीही तिथंच होतो. तिचा चेहरा कसा उतरला ते मी अजून विसरलेलो नाही.

आधी त्यांनी व्यायाम लावला. जात्यावरचं दळण दुप्पट, पाण्याच्या खेपा दुप्पट. महिन्यानं चाकणला नेलं तर काट्यावर तारा दोन शेर जास्त भरली. मापाडी म्हणाला, अरे, दंड बघ पोरीचे, मांस धरलंय तिनं. खरं म्हणजे हे आतोबांचंच शास्त्र होतं. पण रागावलेल्या माणसाला आपलं शास्त्रही परक्याच्या तोंडून पटत नाही. त्यांनी आधी काट्याला नावं ठेवली, मग स्वतः बसून पाहिलं.

मग पहारा सुरू झाला. बॉयलरवर घमेल्यागणिक भिंतीवर खडूची रेघ मारतात, तशा चुलीमागच्या भिंतीवर आतोबा भाकरीगणिक रेघा मारू लागले. पंधरवड्यानं पाहिलं तर त्यांच्या स्वतःच्या पाच-पाच रेघांचं रान माजलेलं, आणि ताराच्या नावानं दोन वेळा दोन-दोन. तेव्हा शेजारीण तिला गुपचूप खायला घालते, असा त्यांना संशय आला. माझी सुट्टी होती, तर मला ओसरीवर वर्तमानपत्र देऊन बसवलं, लक्ष ठेवायला. मला नाही म्हणता आलं असतं, मी म्हटलं नाही, याची मला आज लाज वाटते. दिवसभरात मी एवढंच पाहिलं की ताराच्या पाण्याच्या नऊ खेपा झाल्या. जाता-येता ती माझ्याकडे बघायची.

चार दिवसांनी आम्ही जेवायला बसलो असताना तारानं आपलं ताट पुढं सरकवलं. ‘‘आबा, आज रेघ नगं,’’ ती म्हणाली. ‘‘आज मी जेवत न्हाई. उद्या बी न्हाई. मंग तरी खरं वाटंल तुमाला.’’

ती उठून परसात गेली. आतोबांचा घास हातातच राहिला. आत्या सहसा त्यांच्या शास्त्रात पडत नसे. त्या दिवशी तिनं तवा खाली उतरवला आणि त्यांच्या समोर येऊन बसली.

‘‘तुमच्या धाकट्या भट्टीला कोळसा कमी लागतो म्हून गावभर कौतुक करता,’’ ती म्हणाली. ‘‘मंग माझ्या पोरीनंच काय केलं? आन मामंजींच्या घरात सगळी जेवल्यावर तळाची खरवड कोण खायचं? सासूबाईच ना? त्या काय बारीक व्हत्या? अंग कुणाचं आलंय पोरीला, ते तुमाला अजून दिसंना?’’

आतोबांची आई मी पाहिली नव्हती. ती थोराड बांध्याची होती, आणि घरातलं सगळं धान्य हीच फस्त करते असं निघोज्यात लोक म्हणत, एवढं आत्याकडून ऐकलेलं. आतोबा ताटावरून उठले. हात न धुताच परसात गेले. तारा धुण्याच्या दगडावर बसली होती. ते तिच्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘‘तू खरं बोलत व्हतीस पोरी. चुकलो मीच.’’ तारा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. त्यानंतर ती जेवली, आणि आतोबांनी तिला स्वतःच्या हातानं तिसरी भाकरी वाढली. ती काही तिनं संपवली नाही.

पुढं ताराचं लग्न आकुर्डीच्या एका शेतकऱ्याच्या घरी झालं. बघायला आलेल्या मंडळींना आतोबांनी आधीच सांगून टाकलं होतं की पोर माझ्या आईच्या घडणीची आहे, खाते थोडं आणि काम करते दोघांचं. मुलाच्या बापानं विचारलं, आणि सैपाक? तिथंच सुपारी फुटली. तारा सुखात आहे. तिला तिच्याच बांध्याची एक मुलगी आहे आणि त्या नातीच्या ताटाकडे बघून कुणी काही बोललेलं आतोबांना खपत नाही.

आतोबा आता निवृत्त झाले आहेत. जोर-बैठका सुटल्या, दंड सैल पडले, दीड भाकरीवर आले. शास्त्र अजून सांगतात, पण आवाज खाली आला आहे. मागच्या दिवाळीला मी गेलो होतो. जेवणं झाल्यावर ओसरीवर पान जमवता जमवता ते मध्येच थांबले आणि आपल्या आईचं सांगू लागले. दुष्काळाचं साल होतं, ते सातआठ वर्षांचे. चूल विझली होती आणि पोट भरलं नव्हतं.

‘‘मी तिला म्हणालो, तूच समदं खातीस, म्हून आमाला पुरत न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘लोकं म्हणायची, तेच म्हणालो. ती नुसती हसली. तिच्या पानात अर्धी भाकरी व्हती, ती उचलून माझ्यात टाकली. आन मी खाल्ली, भाचेराव.’’

लहान होता तुम्ही, असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांनी पानाला चुना लावला, विडा दुमडून तसाच बाजूला ठेवला, आणि मलाच विचारलं, ‘‘ती त्या राती उपाशीच निजली असंल, न्हाई का?’’