बस की बशी

बोटावरची मतदानाची शाई पाहिली की मला काळाचौकीतली मागची महापालिका निवडणूक आठवते, कारण त्या दिवशी माझ्या हातून काय झालं ते मला आजही नीट कळलेलं नाही. आमच्या वॉर्डात दोन अपक्ष जोरात होते. एक परळच्या हॉस्पिटलला जाणाऱ्या बसच्या फेऱ्या वाढवणार होता आणि त्याची निशाणी होती कपबशी. दुसरा चाळीसमोरचा बसस्टॉप काढून तिथे पार्किंग करणार होता, त्याची निशाणी चक्क बस. अर्धांगवायूनंतर आई पायाच्या व्यायामासाठी त्याच बसने जायची, म्हणून शाळेतल्या केंद्रापर्यंत मी तिला पढवत नेलं, "आई, बस नको हां, बशी." ती वैतागली, "कळला गो माका. बशी, बस न्हय." वर्गात खडूचा आणि घामाचा वास कोंडला होता. मशीनसमोर मी उभी राहिले, बोट आपोआप पुढे गेलं, बीप वाजला, आणि लाल दिवा पेटला तो बसच्या चित्रापुढे. मी बघतच राहिले. "झालं ना मॅडम? चला पुढे," टेबलावरच्या बाई म्हणाल्या. बाहेर आईने विचारलं, "बशीच ना गो?" मी मान डोलावली. बसवाला निवडून आला आणि वर्षभरात स्टॉप गेला. आता पुढच्या स्टॉपपर्यंत आई माझ्या आधाराने पाय ओढत चालते. मधेच थांबून विचारते, "आपण दोघींनी बशीक मत दिला, मगे हो निवडान इलो कसो?" मी तिचा हात आणखी घट्ट धरते आणि म्हणते, "चल, बस येईल."