दोन तास कमी

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. कपाटावर जुने एक्स-रे साठतात तसे ते साठतात. पेशंट केव्हाच बरा होऊन घरी गेलेला असतो, पण फिल्म फेकायची कोणी हे काही ठरत नाही. मी ग्वाल्हेरात फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या कपाटावर बरंच काही आहे.

शहराच्या आमच्या लश्कर भागातली तीन नर्सिंग होम्स एक झाली. एक नई सडकेवरचं, एक पाटणकर बाजारातलं, एक सराफ्यामागचं. पाटी एक झाली, मेट्रन मात्र तीनच्या तीन राहिल्या! नव्या कारभाराबरोबर द्विवेदीजी नावाचे ट्रेनिंग अधिकारी आले. त्यांचं पहिलं परिपत्रक असं: महिनाअखेरपर्यंत ज्याचे प्रशिक्षणाचे तीस तास भरतील, त्याच्याच लायसन्सचं नूतनीकरण होईल. लायसन्स असेल तोच नव्या हॉस्पिटलात. बाकीच्यांना रामराम.

शिर्केबाईंचे अठ्ठावीसच भरले. बाई सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या जुन्या नर्स, घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच. एका कार्यशाळेतून मधेच उठून त्या वॉर्डात धावल्या होत्या, तेवढे दोन तास कापले गेले.

"साहेब, पेशंटला फिट आली होती म्हणून उठले."

"मॅडम, आप बाहर गईं, इसकी एंट्री है. क्यों गईं, इसका कॉलम नहीं है!"

त्या महिन्यात आता एकही कार्यशाळा उरली नव्हती.

बाकीचे तास कसे भरले, तेही ऐका.

पहिली कार्यशाळा हात धुण्याची. पडद्यावर सात पायऱ्या, प्रत्येक पायरीला बाण. मग प्रात्यक्षिकासाठी सगळ्यांना बेसिनपाशी नेलं. नळ सोडला, तर पाणी नाही. प्रशिक्षक डगमगले नाहीत. म्हणाले, "मान के चलिए, पानी है."

शिर्केबाई म्हणाल्या, "मग हात धुतले असंही मानून चला. वॉर्डात पेशंट खोळंबलेत."

सगळ्यांना शेरा मिळाला, 'उत्कृष्ट'!

आम्हा फिजिओवाल्यांसाठी विषय होता 'पाठीची निगा'. चार तास, बिनपाठीच्या प्लास्टिकच्या स्टुलांवर. विषय महत्त्वाचा म्हणून मधली सुट्टी नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या विभागातले अर्धे लोक कंबर धरून चालत होते. आणि माझ्या टेबलावर शेक घ्यायला पालथं पडलं होतं कोण? स्वतः व्याख्याते!

शेक घेता घेता त्यांनी विचारलं, "का हो, हे माझ्या तासांत धरता येईल का?"

मग ऑनलाइन कोर्स आला. व्हिडिओ पुढे पळवता येत नाही, सगळा पाहावाच लागतो. आमच्या पवारने युक्ती काढली. गुडघ्याच्या व्यायामाला कुलकर्णीकाका यायचे, निवृत्त ओव्हरसियर. मोबाइल त्यांच्यासमोर उभा करायचा आणि आपण दुसऱ्या पेशंटकडे जायचं. काकांनी सहा दिवसांत अख्खा कोर्स पाहिला आणि परीक्षेची उत्तरंही तेच सांगत गेले. सर्टिफिकेट पवारच्या नावावर आलं.

सातव्या दिवशी काका म्हणाले, "पवार, पाय चुकीचा वाकवून राहिलास. चौथा धडा बघितला नाही का तू?"

आता हजेरीची गोष्ट. पहिल्या रांगेतली एखादी नर्स पेन घेते आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या नावांपुढे टिक करत जाते. कोणी नाव वाचत नाही. माझी पत्नी सुधा पाटणकर बाजाराच्या नर्सिंग होममध्ये नर्स होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तीन याद्यांची एक यादी करताना तिचं नाव आत आलं, आणि टिक पडत गेली. तिचे पूर्ण तीस तास भरले! शेरा: 'नियमित उपस्थिती'.

मी द्विवेदीजींना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "डेथ सर्टिफिकेट लगा दीजिए, नाम कट जाएगा."

मी दाखला नेऊन दिला. तोवर तिचं नूतनीकरण झालं होतं, पाच वर्षांसाठी. ते प्रमाणपत्र मी घरी घेऊन आलो.

शिर्केबाईंचं मात्र अडलं ते अडलंच. पेशंटला हात लावायची मनाई झाली आणि त्यांना स्टोअरमध्ये चादरींच्या घड्या घालायला बसवलं. महिना संपायला दोन दिवस राहिले होते, तेव्हा द्विवेदीजींच्या आईला जुलाब होऊन भरती केलं. म्हातारीच्या अंगातलं पाणी गेलेलं, सलाइन लावायला नस सापडेना. तीस तास पूर्ण केलेल्या चार नर्सेस आळीपाळीने टोचून गेल्या. शेवटी द्विवेदीजी स्वतः स्टोअरच्या दाराशी आले.

"सिस्टर... अम्मा..."

पुढचं ऐकायला बाई थांबल्याच नाहीत. म्हातारीचा उजवा हात त्यांनी जरा वेळ आपल्या हातात धरून ठेवला, चोळला. "अम्मा, मुट्ठी बांधो." पहिल्याच टोचणीत नस मिळाली.

पट्टी चिकटवत बाई म्हणाल्या, "साहेब, लिहून घ्या. मनाई असून पेशंटला हात लावला."

द्विवेदीजी काही बोलायच्या आत अम्माच बोलल्या, "लल्ला, वे चारों सर्टिफिकेट ले के आई थीं. ये हाथ ले के आई है."

दुसऱ्या दिवशी शिर्केबाईंच्या फायलीत नवीन प्रमाणपत्र लागलं. कालावधी: दोन तास. विषय: वृद्ध रुग्णांच्या नसा. व्याख्याता: श्रीमती रामकली द्विवेदी.

खाली व्याख्यात्यांची सही होती. डाव्या हाताची, कारण उजव्याला सलाइन चालू होतं.